खाडीतलं माहेरपण

कुर्ल्याहून ठाण्याला गाडी बदलली की ऐरोली काही लांब नाही. तिथल्या वनखात्याच्या जैवविविधता केंद्रापासून ठाणे खाडीत होडी सोडतात. सोबत माहितगार असतो. आपण निवांत बसायचं नि बघायचं!

कच्छच्या रणात पिल्लं वाढवून दमलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यापासून मेपर्यंत इथं जणू माहेरपणालाच येतात. चोच उलटी धरून चिखलपाण्यातलं शेवाळ गाळून खातात. त्या खाण्यानंच पिसांवर गुलाबी रंग चढतो. कोवळी पाखरं मात्र करडी असतात बरं का! मुलांना ती ओळखायला सांगा.

२०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला. तरी त्यांची वाट निर्धास्त नाही. मे २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या घाटकोपरवर विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित दगावले. माहेरच्यांनी जपायचं नाही तर कुणी?

होडीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी चौकशी करून नोंदणी करा. टोपी, पाणी, दुर्बीण घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. आणि थवा दिसला की आरडाओरडा नको. पोटभर जेवू द्या त्यांना!