वालेन्सचे काय करावे? : पोलिकार्पचे एक पत्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अलायन्स मिशनने वऱ्हाड-खानदेशात काम आरंभले आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावांत लहान लहान मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या. मंडळी लहान असली की पाळकाच्या हाती शिकवणही येते आणि पैसाही. सावदा-फैजपूरच्या केळीपट्ट्यात ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली, त्याच्यावर साऱ्या गावाचे डोळे. मग ती सोसायटीची असो, देवळाची असो वा चर्चची.

हा पेच नवा नाही. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रीसमधील फिलिप्पैच्या मंडळीत तो उभा राहिला होता. वालेन्स नावाचा तेथील एक वडील द्रव्यलोभात सापडला. मराठी बायबलने या पदासाठी ‘वडील’ हाच शब्द घेतला आहे, त्यामुळे आपल्या कानाला हा दोष अधिकच बोचतो. मंडळीने स्मुर्ण्याचा अध्यक्ष पोलिकार्प याला पत्र धाडले. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर.

पोलिकार्पचे उत्तर आज उपलब्ध आहे. मात्र वालेन्सविषयीचा भाग मूळ ग्रीकमध्ये उरला नाही, केवळ लॅटिन भाषांतरात टिकला. रक्कम किती, पुरावा कोणता, याची त्यात चर्चा नाही. वालेन्स व त्याची पत्नी यांच्याविषयी आपल्याला अतिशय दुःख झाल्याचे तो लिहितो आणि त्यांना खरा पश्चात्ताप लाभो, अशी इच्छा व्यक्त करतो. (पत्नीचे नाव मात्र त्याने नोंदवलेले नाही.) अशांना शत्रू लेखू नका, दुखावलेल्या, भरकटलेल्या अवयवांसारखे परत बोलवा, म्हणजे सारे शरीर वाचेल, असे तो सांगतो.

येथे सौम्यपणा आहे, ढिलाई नाही. ज्याला स्वतःला आवरता येत नाही तो इतरांना काय शिकवणार, असेही तो विचारतो. वालेन्सला पुन्हा पदावर बसवा, असे पत्रात कुठेही नाही. माणूस परत घेणे आणि पद परत देणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या राहू दिल्या. आपल्याकडे बहुधा दोन्ही एकदम होतात, नाहीतर एकही होत नाही.

त्याच पत्रात वडिलांची कामेही आहेत: आजाऱ्यांची विचारपूस, विधवा-अनाथांची काळजी, पक्षपात टाळणे आणि कुणाविरुद्ध आलेल्या तक्रारीवर चटकन विश्वास न ठेवणे. वालेन्सचा विषय निघण्यापूर्वीच तो हे लिहून गेला आहे.

पत्र क्रेसेन्सबरोबर गेले. त्याची बहीणही तिकडे येणार आहे, तिचे नीट स्वागत करा, असे पोलिकार्पने शेवटी लिहिले.