ओळ तोंडात बसली पाहिजे

आज पुन्हा माझ्या बालकवितेतली तीच ओळ घेऊन बसले : ‘खारूताई वृक्षावरती’. मात्रा मोजल्या. आठ आणि आठ, पादाकुलक या मात्रावृत्ताच्या सोळा भरल्या. हिशेब चोख. संध्याकाळी पाच वर्षांच्या भाचीला म्हणायला लावली, तर ‘वृक्षा’पाशी तिची जीभ अडली. दुसऱ्यांदा मात्र तिने आपणहून ‘झाडावरती’ म्हटलं आणि टाळ्या वाजवत नाचायलाच लागली. मात्रा तेवढ्याच! ‘वृ’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो, ‘झा’ मुळातच गुरू. कागदावर दोन्ही ओळी सारख्या, तोंडात नाहीत.

तेव्हा कवी विंदा करंदीकर आठवले. त्यांचा मोठ्यांसाठीचा संग्रह ‘स्वेदगंगा’ १९४९चा, मुलांसाठीचा ‘राणीची बाग’ १९६१चा. इतकी वर्षं मोठ्यांची कविता मुरल्यावर त्यांनी मुलांसाठी पुस्तक काढलं, हे आज फार जवळचं वाटलं.

रात्री शेवटचं कडवं खोडलं. त्यात खारीच्या तोंडी उद्योगी राहण्याचा उपदेश होता. खार शेंगदाणा दोन्ही पंजांत धरून कुरतडते, शेपटी पाठीवर घेते. मुलाला एवढं दिसलं की पुरे.

मुलांसाठी लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कविता छापायला देण्याआधी एकदा तरी एखाद्या मुलाच्या तोंडून ऐका.