ठवणी

गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास माझा नऊ वर्षे वापरलेला लॅपटॉप निकामी झाला आणि त्याच आठवड्यात मोबाईलच्या काचेलाही तडा गेला, तेव्हा माझ्या चिरंजीवाने दोन्ही दुरुस्त्यांचा खर्च कागदावर मांडून, त्यात थोडी भर घातली तर दहा इंची नवा टॅब येतो आणि एकाच वस्तूत दोन्हींचे काम भागते, असा हिशेब माझ्यापुढे ठेवला. “बाबा, लिहिणं होतं, वाचणं होतं, तोंड बघून बोलणं होतं, आणखी काय पाहिजे?” हा त्याचा प्रश्न रास्त होता. परंतु महसूल खात्यात कारकुनापासून अव्वल कारकुनापर्यंत हयात घालवलेल्या माणसाला मोक्यावर जाऊन पाहणी केल्यावाचून निवाडा देण्याची सवय नसते; म्हणून नांदेडच्या वजिराबादेतून सिमकार्डाची जागा नसलेला, केवळ वाय-फायवर चालणारा टॅब आणला, लॅपटॉप कपाटात ठेवला, तडा गेलेला मोबाईल फोन घेण्यापुरता घरात राहू दिला, आणि सहा महिने हीच मुदत समजून सर्व व्यवहार त्या एका पाटीवर करावयाचे ठरविले.

त्या काळातील सर्वांत मोठे सुख वाचनाचे होते. माझे वडील निजामी अमदानीत पटवारी होते. त्यांच्या मागे राहिलेल्या दप्तरात पाहणीपत्रके, पावत्या, तहसिलीतून आलेली फर्माने असा जो ऐवज आहे, त्यातील काही मजकूर मोडीत, काही शिकस्ता वळणाच्या उर्दूत, आणि सालही इसवी नव्हे तर फसली. फसली १३५५ म्हणजे १९४५-४६ हे एकदा मनाशी बसले की काळाचा उलगडा होतो. पण अक्षराचा होत नाही, कारण मोडी लिहिणारा लेखणी उचलत नाही आणि शिकस्ता लिहिणारा नुक्ते देण्याची तसदी घेत नाही. भिंग धरून हे कागद वाचताना एका हातात भिंग, दुसऱ्या हातात जीर्ण कागदाची कड, आणि टिपण करण्यास तिसरा हात नाही, अशी माझी अनेक वर्षे गेली. त्या कागदांची छायाचित्रे टॅबवर उघडून दोन बोटांनी एकेक शब्द तळहाताएवढा मोठा करता आला, फिकट झालेली शाई गडद करता आली, आणि ज्या एका नोंदीतील बांधाच्या निशाणीवर मी वर्षानुवर्षे अडलो होतो ती ‘बाभूळ’ अशी स्वच्छ लागली, तेव्हा मी वडिलांच्या तसबिरीकडे पाहिले. मोबाईलच्या चिंचोळ्या काचेवर शब्द मोठा केला की ओळ निसटते. लॅपटॉपचा पडदा आडवा, कागद उभा, आणि तो मांडीवर घेऊन ओट्यावर बसता येत नाही. आमच्या घरी पोथी वाचण्यासाठी लाकडी ठवणी होती, तिच्यावर मी हा टॅब ठेवीत असे, आणि तो तिथे परका वाटला नाही.

लिहिण्याची गोष्ट मात्र निराळी. कचेरीत संगणक आले तेव्हा मी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलो, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असल्याने मराठी अक्षर दोन्ही हातांच्या संवादातून उमटते. खऱ्या कळफलकावर दोन्ही तर्जनींच्या कळांवर एकेक उंचवटा असतो. बोटे त्यावर ठेवली की नजर मसुद्यावरून हलवावी लागत नाही. काचेला असा उंचवटा नाही. प्रत्येक अक्षरासाठी खाली पाहावे लागते, निम्मा पडदा कळांनीच व्यापला जातो, आणि लांब वाक्याचा आरंभ दृष्टीआड होताच त्याचा शेवट कसा करावा हेही हरवते. शिवाय ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ यांतला ऱ माझ्या टॅबच्या कळफलकात साध्या र च्या पोटात दडलेला असे आणि कळ दाबून धरली तरच बाहेर येत असे. हिंदी लिहिणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. मराठीत त्यावाचून शेतकऱ्याचे नावसुद्धा धड लिहिता येत नाही. बोलून लिहविण्याची सोय आहे, ती मी वापरली. साध्या पत्राला ती पुरे पडली, परंतु ‘खासरा’ आणि ‘इनाम-जमिनी’ यांचे तिने जे काही केले ते दुरुस्त करण्यात लिहिण्याहून अधिक वेळ गेला. शेवटी वेगळा कळफलक विकत घेऊन जोडला. लिहिणे सुधारले, पण वस्तू दोन झाल्या, आणि ज्या छापखान्याला मी मजकूर देत असे त्याला जुन्या, युनिकोडपूर्व टंकातीलच फाईल हवी होती, ती टॅबवर तयार होईना.

ऑगस्टमध्ये लातूरला जाण्याचा प्रसंग आला. माझी नात तेव्हा तिथे अकरावीत होती; ज्याला लातूरकर ट्यूशन एरिया म्हणतात त्या भागात, वसतिगृहात राहते. टॅबची परीक्षा पुरी व्हावी म्हणून मोबाईल मुद्दाम नांदेडला ठेवला आणि केवळ टॅब घेऊन निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने एसटीत उतरवून ठेवलेली पाने वाचण्यात वेळ उत्तम गेला. नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जोडावयाचा होता. पंधरा रुपयांचे काम. सेवाकेंद्रातील तरुणाने माझा नोंदणीकृत क्रमांक घातला आणि विचारले, “काका, मोबाईल कुठंय? ओटीपी त्यावर आलाय.” ओटीपी सुमारे १४० किलोमीटरवर, माझ्या ओट्यावर आला होता. चिरंजीवाचा क्रमांक मला तोंडपाठ नव्हता. वसतिगृहात मोबाईलला मनाई असल्यामुळे नातीला तो पाठ होता. केंद्रातील फोनवरून तिनेच तो लावला, आणि दोन वेळा मुदत टळल्यावर तिसऱ्या खेपेस काम झाले. पैसे रोखीने दिले, कारण बँकेचे यूपीआय ॲप नोंदणीकृत सिम त्याच यंत्रात असल्याची खात्री पटल्यावाचून चालू होत नाही. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की मोबाईल हे आता केवळ संभाषणाचे साधन उरलेले नाही. आधारापासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत शासनदरबारी माणसाची जी ओळख चालते तिची मोहोर त्या लहानशा सिमकार्डात आहे, आणि ती मोहोर पडदा मोठा केल्याने दुसऱ्या वस्तूकडे जात नाही.

मुळात २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्झ यांनी आयपॅड जगापुढे आणला तेव्हा फोन आणि लॅपटॉप यांची चित्रे दाखवून, या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या वस्तूला जागा आहे काय, असा प्रश्न त्यांनी मांडला होता. पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबर २०११ ला, दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी स्वस्त ‘आकाश’ टॅब आला. त्याहून कितीतरी आधी, १९७२ मध्ये, संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी मुलांसाठी कल्पिलेल्या ‘डायनाबुक’ नामक पाटीच्या चित्रातही खाली कळफलक काढलेला होताच. लिहिणाऱ्याची गरज त्या द्रष्ट्याने ओळखली होती. दोहोंमधली जागा ही दोहोंची जागा नव्हे, हे आमच्या घरच्या हिशेबात सुटले होते.

परंतु लातूरच्या त्याच भेटीत मी टॅबचे खरे स्थानही पाहिले. वसतिगृहात मोबाईल चालत नाही, टॅब चालतो. नात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करते. १८० प्रश्नांचा आणि ७२० गुणांचा तो पेपर आजवर कागदावर, बॉलपेननेच सोडवावा लागला आहे, त्यामुळे तिला टंकलेखनाची गरज नाही, व्याख्याने पाहण्याची आणि जाडजूड पुस्तके वाचण्याची आहे. महाज्योतीसारखी शासकीय संस्था अशा परीक्षांच्या निवडक विद्यार्थ्यांना टॅबच देते, त्यामागे हाच विचार असावा. माझ्या टॅबवर तिने हृदयाची आकृती उघडली, दोन बोटांनी झडपेपर्यंत मोठी केली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आबा, वर्गात हे एवढं मोठं कधीच दिसलं नाही.” जी खोड माझ्या कामात आडवी आली, म्हणजे त्यावर कोणाचा फोन येत नाही, तीच तिच्या अभ्यासात गुण ठरत होती.

नांदेडला परतल्यावर मुदतीची वाट न पाहता मी लॅपटॉपला नवी बॅटरी आणि नवा कळफलक बसवून घेतला, मोबाईलची काच बदलली. खर्च वाढला, याबद्दल खेद नाही. टॅब लातूरला पाठविला. हा मजकूर लॅपटॉपवर लिहिला आहे. वडिलांच्या दप्तरातील ११२ पानांपैकी ७० लागली आहेत. उरलेली ४२ पाने नात दिवाळीच्या सुटीत टॅब घेऊन नांदेडला येईल, तेव्हा ठवणीवर ठेवून वाचावयाची आहेत.