पाठीमागचा बंदोबस्त

सभागृहाच्या नियंत्रणकक्षात १९ इंची रॅक उभा राहिला, की पाहुण्यांची नजर त्याच्या दर्शनी भागावरील लुकलुकत्या दिव्यांवर खिळते. परंतु ज्याने उमेदीची वर्षे अशा रॅकच्या पाठीमागे, हातात क्रिम्पिंगची पकड घेऊन काढली आहेत, त्याला ठाऊक असते की चित्राचे व ध्वनीचे संकेत एकीकडून घेऊन दुसरीकडे रवाना करणाऱ्या राउटरची सारी भिस्त त्याला मिळणारी वीज आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा हुकूम यांवरच असते. १९४६ साली पणजीत ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या जमान्यात हे काम माणसाच्या हाताने होई. पॅच कॉर्ड एका छिद्रातून काढून दुसऱ्यात खोचली की मार्ग बदलला, आणि वीज गेली तरी ती कॉर्ड जागची हलत नसे. आज १६ आवक व १६ जावक वाहिन्यांचे २५६ छेदबिंदू वीतभर उंचीच्या पेटीत मावतात खरे, पण त्या पेटीला कॉर्डचा तो निर्विकारपणा नाही.

म्हणून तिला दोन पॉवर सप्लाय देतात. डिचोलीच्या एका जाणत्या वायरमनने मला एकदा विचारले होते, “बाब, दोन प्लग आहेत म्हणून दोन लायनी झाल्या का हो?” प्रश्न बिनतोड होता, कारण कंत्राटात दुहेरी तरतूद नमूद असूनही दोन्ही प्लग एकाच बोर्डात खोचलेले मी वारंवार पाहिले आहेत. एक वाट यूपीएसमधून, दुसरी स्वतंत्र एमसीबीवरून, असा शिरस्ता हवा. अर्थिंग मात्र दोन्हींना मिळून एकच. यंत्रांसाठी म्हणून कोणी हौसेने निराळा खड्डा खणून तो इमारतीच्या अर्थिंगला जोडायचे टाळतो, तेव्हा दोन भूमींच्या विभवातील फरक केबलच्या आवरणातून वाहू लागतो आणि ५० हर्ट्झची घरघर नाटकातल्या भैरवीला साथ करते.

त्यातून आमची भूमी जांभ्याची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन इतकी सौम्य होते की मीटर समाधानकारक आकडा दाखवतो. पण ऑगस्टातले ते मोजमाप म्हणजे पावसाने दिलेले प्रशस्तिपत्र, आणि त्याची खातरजमा मे महिन्यात, सडा तापून कोरडा पडल्यावरच होते. नेमक्या त्याच सुमारास वळवाच्या विजा कडाडू लागतात. पेडण्याच्या किनारपट्टीत, मोरजी-हरमलकडे, खारा वारा तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवी पुटे चढवतो, तेव्हा कथिलाचा मुलामा दिलेले लग वापरावे लागतात; डिचोलीत तांबडी धूळ. २०१८ साली खाणी थंडावल्या तेव्हा पंख्यांच्या जाळ्या धुण्याचे काम हलके झाले होते; पुढे खनिजाचे ट्रक पुन्हा धावू लागले, तशी ती जाळी पुन्हा तांबडी होऊ लागली.

नियंत्रणाच्या तारेचा मामला नाजूक आहे. आरएस-४२२ची पिळाची जोडी लांबवर जाते, पण तिच्या ग्राहक टोकाशी सुमारे १२० ओहमचा रोध बसवला नाही तर हुकूम टोकावर आदळून परततो व स्वतःलाच गोंधळात टाकतो. ही जोडी विजेच्या केबलला समांतर नेऊ नये. ओलांडणे अटळच झाले तर काटकोनात ओलांडावे. एवढे साधे पथ्य, पण छताच्या ट्रेमध्ये जागा अपुरी पडली की पहिला बळी त्याचाच जातो.

यंत्रणा हवाली करताना, चित्र चालू असतानाच, मी एक वीजवाट सर्वांदेखत उपटतो. मग ती लावून दुसरी. नंतर नियंत्रणाची तार काढतो, तेव्हा पॅनेल मुके व्हावे पण मार्ग जागचा हलू नये. शेवटी अख्खी पेटीच बंद करून सुरू करतो, कारण काही राउटर आधीचे मार्ग स्मृतीत राखतात व काही मुकाट्याने मूळ क्रमावर परततात, आणि आपला राउटर कोणत्या जातीचा आहे हे दशावताराच्या रात्री दोन वाजता समजण्यापेक्षा सकाळी अकराला, कागदावर सही होण्यापूर्वी समजलेले बरे.