स्कॅनरला न दिसणारे तीन बार

दिल्लीच्या कश्मीरी गेटला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, जुन्या गाडीचा फ्युएल पंप मागणारं गिऱ्हाईक हमखास भेटतं. 'पंप बैठ गया' एवढं निदान सोबत घेऊन आलेलं. पंप बसला हे कशावरून ठरवलं, तर गाडी ओढत नाही, झटके देते, म्हणून. नवा पंप टाकीत जातो आणि गाडी तशीच अडखळत राहते, कारण दोष तुंबलेल्या फिल्टरचा नाहीतर रिलेचा असतो. पंधरा मिनिटांची एक तपासणी आधी केली असती, तर हा खर्च टळला असता. पण पेट्रोलचा दाब मोजणारं गेज लावतो कोण?

हा दाबाचा प्रश्न इंजेक्शनच्या गाड्यांचा. राजधानी परिसरात त्या तशा आधीपासून होत्या. ग्रेटर नोएडाजवळच्या सुरजपूरला 1995 पासून देवूची सिएलो बनत होती, 1998 साली ह्युंदाईची सँट्रो आली. पण कार्बोरेटरची सद्दी खऱ्या अर्थाने संपवली ती न्यायालयाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 29 एप्रिल 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना 1 जूनपासून युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 हे प्रदूषणाचे निकष सक्तीचे केले. गुडगावात बनणारी मारुती 800 सुद्धा मग इंजेक्शनची (एमपीएफआय) झाली. गाड्या बदलल्या, स्क्रू फिरवत कानाने ट्यूनिंग करणाऱ्या मिस्त्रींना मात्र नव्या यंत्रणेची ओळख धावतपळत करून घ्यावी लागली.

पुढे स्कॅनर आले आणि नवाच घोळ झाला. त्या काळच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) दाब मोजणारा सेन्सरच नसतो. स्कॅनर फार तर 'मिश्रण पातळ' असा कोड दाखवतो. ते पेट्रोल कमी आल्यामुळे पातळ झालं, की फाटक्या नळीतून जास्तीची हवा आत शिरल्यामुळे, हे त्याला सांगता येत नाही. काटेवालं साधं गेजच ते सांगतं.

टाकीतला पंप पेट्रोल फिल्टरमधून रेलमध्ये ढकलतो, रेलच्या टोकाचा रेग्युलेटर ठरावीक दाब राखतो आणि उरलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परततं. दाब साधारण तीन बार, म्हणजे गेजवर 43-44 पीएसआय. (परतीची नळी नसलेल्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, तिथे आकडे वेगळे, ते मॅन्युअलमध्ये पाहावेत.)

गेज लावण्याचं काम सोसायटीच्या बेसमेंटमध्ये करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. उघड्यावर, थंड इंजिनावर, अग्निशामक हाताशी ठेवून आधी पंपाचा फ्यूज काढायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. तरीही रेलकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट सैल करताना थोडं पेट्रोल उडतंच. भोवती फडकं हवं. टी-जोड घालून गेज बसवलं, तार आणि फ्यूज परत जागेवर लावले, की इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवायची. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, काटा झटक्यात वर जातो. कुठे गळत नाही ना, हे पाहूनच इंजिन सुरू करायचं.

इथून पुढे खरी मजा. आयडलिंगला काटा थोडा खाली बसतो, कारण रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळतो. त्याची नळी काढली की काटा सुमारे अर्धा बार चढला पाहिजे. काढलेल्या नळीत पेट्रोलचा ओलावा किंवा वास आला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला. ते पेट्रोल थेट इंजिनात जातं, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि पीयूसीला गाडी नापास होते. अशा वेळी प्लग बदलत बसणारे बहाद्दर दिल्लीत पुष्कळ आहेत. उलट दाब कमी असेल, तर परतीची नळी क्षणभर चिमटायची, तीही गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने, पक्कडीने नव्हे. काटा सणसणीत वर गेला तर पंपात दम आहे, रेग्युलेटर संशयित. हललाच नाही, तर आधी फिल्टर आणि पंपापर्यंत पोचणारं व्होल्टेज पाहायचं. पंपाची पाळी त्यानंतर.

आयडलिंगला नीट वाटणारा दाब चढावर कोसळू शकतो. म्हणून जाणते मिस्त्री गेज बॉनेटमधून बाहेर काढून काचेवर, अर्थात बाहेरच्या बाजूने, चिकटवतात आणि गाडी फ्लायओव्हरवर पळवतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच काटा खाली सरकला, तर पेट्रोल पुरत नाही.

इंजिन बंद केल्यावर काटा किती टिकतो, हे दिल्लीत विशेष महत्त्वाचं. मे महिन्यात गरम इंजिनावरच्या रेलमधला दाब गळून गेला, की पेट्रोलची तिथेच वाफ होते आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला रडते. जानेवारीत तोच दोष सकाळच्या लांबलचक स्टार्टरमधून बोलतो. चावी दोन-तीनदा चालू-बंद करून मग स्टार्टर मारल्यावर गाडी चटकन उठत असेल, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा ठिबकणारा इंजेक्टर, यांपैकी कुणीतरी दाब सोडतंय.

आणि सीएनजीवाले! गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन्महिने तळाला ठेवतात. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळेच. या गाड्यांचे पंप खरोखर बसतात. पण तिथेही गेज लावूनच ते ठरवावं.

काम संपल्यावर पुन्हा तसाच फ्यूज काढून दाब उतरवायचा, तार सोडवून गेज काढायचं आणि बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. जुने दाबून चपटे झालेले असतात, पुन्हा घट्ट बसतीलच याचा भरवसा नाही. तार आणि फ्यूज लावून चावी तीन-चारदा फिरवायची, जोडाभोवती कोरडं फडकं फिरवायचं, आणि ते कोरडंच राहिलं तर बॉनेट बंद करायचं.