पान नंबर ११४३

पुण्याजवळच्या कासार आंबोलीतल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. पीएच.डी.ची नोंदणी २०१८ची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी एक तरी शोधनिबंध छापून यावा लागे. तो केअर यादीतल्या, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या, जर्नलमध्येच हवा, असं आम्हाला सगळे सांगायचे.

पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांवर माझा अभ्यास होता. ६२ घरं. कॉलेज सुटलं की संध्याकाळी जायचे, बायका तेव्हाच भेटायच्या. एकीने भाकऱ्या थापता थापता दीड तास माहिती दिली.

जुलै २०२१मध्ये व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवर एका त्रैमासिकाची जाहिरात आली. नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) केअर यादीशी ताडून पाहिलं. जुळलं. मे २०१८मध्ये यूजीसीने आधीच्या यादीतली ४,३०५ जर्नलं काढून टाकली होती, त्यामुळे नंतर आलेली केअर यादी पक्की असं मी धरून चालले. रविवारी निबंध पाठवला, मंगळवारी स्वीकृतीपत्र आलं. साडेतीन हजार रुपये कुणा एका माणसाच्या नावावर यूपीआयने भरले. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मुदत जवळ आली होती आणि मला निबंध छापून हवाच होता.

पीडीएफ आली. गाइड मॅडमना दाखवली. त्यांनी निबंध वाचायच्या आधी पान नंबर बघितला. ११४३ ते ११५१.

“अगं, तीन महिन्यांच्या अंकाला हजार पानं कुठून आली?”

दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात गेले. त्याच त्रैमासिकाचा खरा अंक काढून घेतला. ९६ पानं. आत संपादकांचा नंबर होता. बाहेर पायरीवर बसून फोन लावला. ते म्हणाले, “आम्ही पैसे घेतच नाही. आमच्या नावाने दुसरंच कुणीतरी वेबसाइट चालवतंय.” नाव खरं, आयएसएसएन खरा, वेबसाइट मात्र खोटी. याला क्लोन जर्नल म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

रात्री छापलेला निबंध पहिल्यांदा नीट वाचला. एका तक्त्यात ६२च्या जागी २६ पडलं होतं. चूक माझीच. पण कुणी वाचलंच नव्हतं, तर ती दिसणार कुणाला? पैसे गेल्याचं घरी बरेच दिवस सांगितलं नाही.

मॅडमनी धीर दिला. निबंध काढून टाका म्हणून त्या वेबसाइटला तीन मेल केले, उत्तर आलं नाही. निबंध दुसऱ्या जर्नलकडे पाठवताना सोबतच्या पत्रात घडलेलं सगळं लिहिलं. लपवलं असतं तर तोच निबंध दोनदा छापल्याचा ठपका माझ्यावरच आला असता. या वेळी परीक्षकांचे दीड पान शेरे आले. घरभाड्याची आकडेवारी पुन्हा गोळा करायला लावली, त्यासाठी परत घरोघर गेले. आठ महिने लागले. प्रबंधाला मुदतवाढ घ्यावी लागली. फी एक रुपयाही नाही.

नोव्हेंबर २०२२च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंधाची ती सक्ती गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली. पदोन्नतीसाठी निबंध लागतातच, त्यामुळे जर्नल खरं की खोटं ते आता आपल्यालाच बघायचंय. नव्याने लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते. जर्नलचा जुना छापील अंक हातात घ्या, पानं बघा, अंकावरच्या नंबरवर संपादकांशी बोला. आणि दोन दिवसांत स्वीकृतीपत्र आलं, तर पैसे भरू नका.