खुर्ची मांडावी पाणथळीच्या काठी

गुडघे कुरकुरू लागले की माणसाचे जग हळूहळू आक्रसत जाते. आधी डोंगर सुटतो, मग बाजार, आणि एके दिवशी अंगण तेवढे उरते. आपल्या घरातील ज्येष्ठांची अशी अवस्था झाली असेल, तर या हिवाळ्यात त्यांना नांदूर मध्यमेश्वरला अवश्य न्यावे.

नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ हा बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ तळी, बेटे आणि पाणगवताची बने तयार झाली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. २०२० मध्ये रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय.

काठावर सपाट जागा पाहून हातांची खुर्ची मांडावी. सूर्य पाठीशी असावा. आता एकाच जागेवरून पाखरांची निरनिराळी घरे पाहता येतील. खोल पाण्यात कपाळावर पांढरा टिळा मिरवणारे काळे वारकरी आणि उत्तरेकडून आलेले केशरी चक्रवाक तरंगत असतात. उथळ चिखलात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चालतो. त्याच्या शेजारी चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवीत असतो. पाणवनस्पतींच्या पानांवर कमळपक्षी लांब बोटे पसरून, न बुडता वावरतो. काठच्या झाडांवर बगळे विसावतात, आणि मागे वळून शेताकडे पाहावे, तर तारेवर वेडा राघू व कोतवाल कीटकांची वाट पाहत बसलेले दिसतात. पायांची लांबी आणि चोचीची घडण यांनुसार प्रत्येकाने आपली जागा निवडलेली आहे. म्हणून एवढे पक्षी येथे एकत्र नांदू शकतात.

थोडी पूर्वतयारी मात्र हवी. पहाटेचा गारवा बोचतो. कानटोपी व शाल घ्यावी. मधुमेह असल्यास उपाशीपोटी निघू नये. नेहमीची औषधे व पाणी जवळ ठेवावे. दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी पुरे. त्याहून अधिक क्षमतेच्या दुर्बिणीत हाताचा कंपही मोठा दिसतो. कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकवावीत. वयोमानाने उंच पट्टीतील आवाज आधी हरवतात, म्हणून सोबत नातवंड असावे. त्याने कानांनी शोधावे आणि आजी-आजोबांनी नाव सांगावे.

सोबत जाणाऱ्यांना एक विनंती. काळजीपोटी आपण ज्येष्ठांचे जेवण, झोप, औषध, सारे काही ठरवीत असतो. त्या सकाळी घड्याळाकडे पाहू नये. त्यांना त्रास होत नसेल, तर परत कधी निघायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.